भीमेकाठची लघुलहर

रेडिओ अजून कोण ऐकतं, असा प्रश्न हल्ली लोक रेडिओवर भाषण करून आलेल्या माणसालाच विचारतात. मी हसून सोडून देतो. पण मध्यंतरी एका कॉलेजच्या मुलाने विचारलं, "सर, शॉर्टवेव्ह म्हणजे नेमकं काय असायचं? अजून आहे का ते?" हा प्रश्न मात्र हसून सोडून देता येईना. त्याचं उत्तर द्यायचं तर लंडन किंवा सिलोनपासून सुरुवात करून चालत नाही. आमच्या भीमा नदीपासून करावी लागते.

माझं गाव नीरा नरसिंहपूर. इंदापूर तालुक्यात, पुणे जिल्ह्याच्या अगदी आग्नेय टोकाला. एका बाजूने नीरा येते, दुसऱ्या बाजूने भीमा, आणि दोघींच्या बेचक्यात लक्ष्मी-नृसिंहाचं मोठं देऊळ आणि घाट. नीरा ओलांडली की माळशिरस तालुका, भीमा ओलांडली की माढा, म्हणजे दोन्हीकडे सोलापूर जिल्हा. जिल्ह्याच्या कडेला राहणाऱ्या माणसाला सगळंच जरा उशिरा मिळतं, एसटी, वर्तमानपत्र, आणि एके काळी वीजही. फक्त एक गोष्ट आम्हाला पुण्या-मुंबईच्या बरोबरीने, त्याच क्षणाला मिळत होती. ती म्हणजे लघुलहरींवरचा आवाज.

आणि या लघुलहरींचं एक जुनं ठाणं याच भीमेच्या काठी, आमच्यापासून वरच्या अंगाला, दौंडला होतं. दौंड म्हटलं की आपल्याला रेल्वेचं जंक्शन आठवतं. पण १९२७ साली इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यात मार्कोनीच्या 'बीम' पद्धतीने बिनतारी संदेशांची सेवा सुरू झाली, तेव्हा हिंदुस्थानातून संदेश पाठवण्याचं केंद्र पुण्याजवळ खडकीला होतं आणि तिकडून येणारे संदेश झेलण्याचं केंद्र दौंडला. बोलणारं केंद्र आणि ऐकणारं केंद्र एकमेकांपासून लांब ठेवावं लागे, नाहीतर स्वतःच्याच आवाजात समोरच्याचं ऐकू येत नाही. (ही गोष्ट माणसांनाही लागू आहे, पण ते असो.) तर इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरून निघालेला संदेश दौंडच्या मनोऱ्यांवर उतरत होता. त्या काळात आमच्या गावातला माणूस दौंडला जायचं म्हणजे दोन दिवसांची तयारी करून निघत असणार.

हे कसं घडत होतं ते थोडक्यात सांगतो. ज्या रेडिओलहरींची लांबी साधारण दहा ते शंभर मीटर असते त्यांना लघुलहरी म्हणतात. त्या जमिनीला धरून फार लांब जात नाहीत. पण वर आकाशात, शंभर ते तीनशे किलोमीटर उंचीवर, सूर्याच्या किरणांनी विद्युतभारित झालेल्या हवेचे थर आहेत. लघुलहर तिथवर जाते, वळते आणि हजारो किलोमीटर दूर जमिनीवर उतरते. तिथून पुन्हा वर, पुन्हा खाली. नदीच्या पाण्यावर आपण चपटा दगड टाकतो आणि तो टप्पे खात पलीकडे जातो, तसंच काहीसं. दिवस आणि रात्र, उन्हाळा आणि हिवाळा, आणि सूर्यावरच्या डागांचं अकरा वर्षांचं चक्र, या सगळ्यावर तो टप्पा अवलंबून असतो. म्हणून दिवसा एका पट्ट्यावर लागणारं केंद्र रात्री दुसऱ्याच पट्ट्यावर शोधावं लागतं. पंचवीस मीटर, एकतीस मीटर, एकेचाळीस मीटर, हे आकडे ज्यांच्या रेडिओच्या काचेवर होते त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल.

बीम सेवा आली आणि समुद्राच्या तळाशी तारा टाकून बसलेल्या कंपन्यांची झोप उडाली. लघुलहरी स्वस्त होत्या आणि वेगवानही. तारांचा धंदा इतका बसू लागला की ब्रिटिश साम्राज्याला १९२८ साली परिषद भरवावी लागली आणि १९२९ मध्ये तार आणि बिनतारी या दोघांना एका कंपनीच्या छत्राखाली आणावं लागलं. नवं माध्यम आलं, जुनं संपलं, असंच तेव्हा लोक म्हणाले असणार. पुढे स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, ही सेवा सरकारकडे आली आणि ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस झाली. १९७१ साली आपल्याच पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळ आर्वीला, उपग्रहाशी बोलणारं भूकेंद्र उभं राहिलं आणि परदेशी टेलिफोन-तारेच्या कामातून लघुलहरींची सद्दी संपत गेली. आणि आज? आज आपण मोबाइलवर जे पाहतो-ऐकतो त्यातलं समुद्रापलीकडून येणारं जवळजवळ सगळं पुन्हा समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून येतं. धातूच्या तारेऐवजी काचेचा तंतू, एवढाच फरक. १९२७ साली हरलेली केबल अशी परत आली. म्हणून कुठलंही माध्यम 'संपलं' असं कुणी छातीठोक सांगू लागलं की मी जरा थांबून ऐकतो.

पण बीम सेवा ही सरकारी आणि व्यापारी निरोपांची होती. सामान्य माणसाच्या कानाला लघुलहर लागली ती प्रसारणामुळे. मुंबईचं नभोवाणी केंद्र १९२७ च्या जुलैत सुरू झालं, लंडनहून बीबीसीची साम्राज्यासाठीची लघुलहरी सेवा १९३२ च्या डिसेंबरात. मग महायुद्ध आलं आणि हवा आवाजांनी भरून गेली. त्यात १९४२ हे साल मला नेहमी विलक्षण वाटत आलं आहे.

त्या वर्षाच्या सुरुवातीला जर्मनीतून आझाद हिंद रेडिओ सुरू झाला आणि फेब्रुवारीत सुभाषबाबूंचा आवाज ऐकू आला. त्याच फेब्रुवारीत अमेरिकेने व्हॉइस ऑफ अमेरिका सुरू केली. मार्चमध्ये बीबीसीने लंडनहून चक्क मराठीत कार्यक्रम सुरू केले. ते १९५८ पर्यंत चालू होते, हे आज किती जणांना ठाऊक आहे? आणि ऑगस्टमध्ये, 'चले जाव'नंतर अवघ्या काही दिवसांत, मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. ४२.३४ मीटरवर, 'हिंदुस्थानातून कुठूनतरी' बोलणारा. विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाकर ही मंडळी त्यात होती. शिकागो रेडिओचे नानक मोटवानी यांनी यंत्रसामग्रीला मदत केली, राममनोहर लोहिया पाठीशी होते. युद्ध सुरू होताच हौशी रेडिओवाल्यांचे परवाने सरकारने रद्द करून प्रक्षेपक जमा करायला सांगितले होते. त्यामुळे असा प्रक्षेपक जवळ असणं हाच गुन्हा. पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढत फिरत आणि ही मुलं एका इमारतीतून दुसरीकडे यंत्र हलवत. १२ नोव्हेंबर १९४२ ला प्रसारण चालू असतानाच पोलीस दारात आले. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना आपल्या पुण्याला, येरवड्याच्या तुरुंगात ठेवलं. १९४६ मध्ये त्या सुटल्या.

म्हणजे एकाच सालात बर्लिन, लंडन, अमेरिका आणि मुंबईतली एक लपलेली खोली, असे चार आवाज एकाच हवेत. ऐकणाऱ्याने काटा फिरवायचा आणि कुणावर विश्वास ठेवायचा ते स्वतः ठरवायचं.

लंडनच्या त्या कचेरीत आपली एक मराठी बाई होती. वेणू चितळे, मूळच्या कोल्हापूरकडच्या शिरोळच्या. जॉर्ज ऑर्वेल तेव्हा बीबीसीच्या हिंदुस्थानविषयक विभागात काम करत होता आणि वेणूताई त्याच्या सहकारी होत्या. पुढे त्यांनी इंग्रजीत कादंबरीही लिहिली. ऑर्वेलने मात्र १९४३ मध्ये नोकरी सोडली. आपण जे बोलतो ते हिंदुस्थानात फारसं कुणी ऐकतच नाही, सगळी मेहनत आणि जनतेचा पैसा वाया जातो, अशी त्याची खात्री झाली होती. आकड्यांनी पाहिलं तर त्याचं फार चुकलं नव्हतं. स्वातंत्र्याच्या वेळी आपल्याकडे सहा आकाशवाणी केंद्रं होती आणि साऱ्या देशात रेडिओचे संच होते अवघे पावणेतीन लाख. पण एका संचापाशी किती कान बसतात, हे त्याला लंडनमध्ये बसून कसं कळावं? आमच्याकडे रेडिओ एकाच्या घरी असायचा आणि ऐकणारं अख्खं गाव असायचं.

पुण्याचं केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. ते मध्यमलहरींवर, ७९२ किलोहर्ट्झ. या केंद्राने १९५५-५६ मध्ये गीतरामायण दिलं हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच हंगामात, १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने आणखी एक गोष्ट केली आणि ती आपण पार विसरलो. पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांचे श्रोतृगट बसवले. कार्यक्रम आठवड्यातून दोनदा. गटाने एकत्र बसून ऐकायचं, मग त्यावर आपसात बोलायचं आणि प्रश्न पुण्याला लिहून पाठवायचे. त्या प्रश्नांची उत्तरं पुन्हा रेडिओवरून यायची. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचा अभ्यास केला. आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर आणि पॉल न्यूरथ यांचं त्यावरचं पुस्तक युनेस्कोने १९५९ मध्ये काढलं आणि पुढे हा प्रयोग देशभर नेण्यात आला. आज लोक 'इंटरॅक्टिव्ह' हा शब्द असा वापरतात की जणू तो मोबाइलबरोबरच जन्मला. भीमा-नीरेच्या खोऱ्यातला शेतकरी पोस्टकार्डावर ते करत होता.

गंमत अशी की, लघुलहरींना घराघरात नेण्याचं मोठं काम एका पुणेकराने केलं, आणि तेही न कळत. डॉ. बाळकृष्ण केसकर १९५२ ते ६२ केंद्रात नभोवाणीमंत्री होते. सिनेसंगीताने कान बिघडतात अशी त्यांची धारणा. आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार झाली. पण ऐकणाऱ्याचा कान कोण धरणार? युद्धकाळात आग्नेय आशियातल्या फौजांसाठी ब्रिटिशांनी कोलंबोला बसवलेला शंभर किलोवॉटचा लघुलहरी प्रक्षेपक आता रेडिओ सिलोनच्या हाती होता. तिथून १९५२ च्या अखेरीस बिनाका गीतमाला सुरू झाली. दर बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सयानींचा आवाज आणि त्यामागे समुद्रावरून येणारी ती हलकी खरखर. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती काढून आकाशवाणीला वाट बदलावी लागली. म्हणजे लाखो लोकांनी फक्त एक काटा फिरवून सरकारचं धोरण बदललं. मोर्चा नाही की निवेदन नाही. अमीनभाई २०२४ च्या फेब्रुवारीत गेले तेव्हा त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहून आलं, पण त्यांचा आवाज आमच्यापर्यंत पोचवणाऱ्या त्या यंत्राबद्दल कुणी फारसं लिहिलं नाही.

आमच्या घरी तीन बँडचा ट्रान्झिस्टर होता. अब्बांचं शिवणकामाचं दुकान, आणि शिंप्याच्या दुकानात मशीनइतकाच रेडिओ लागतो. पोस्टात दरसाल फी भरून त्याचा परवाना काढावा लागे आणि परवान्याच्या पुस्तिकेत तिकिटं चिकटवलेली असत. सेल उतरले की अम्मी ते पत्र्यावर उन्हात ठेवायची, मग ते आणखी चार दिवस चालत. गावात केंद्राचं नाव कुणी घेत नसे, शहराचंच घेत. "भाई, लंडन लावा." "भाई, जरा सिलोन लावा की." देवळातले पुजारीकाका आषाढीला पंढरपूरच्या पूजेचं वर्णन ऐकायला येत तेव्हा म्हणत, "भाई, पुणं लावा." जग असं हाताच्या अंतरावर होतं.

१९७१ च्या युद्धाची गोष्ट अब्बा सांगायचे. मी तेव्हा पाळण्यात होतो. रात्री कंदील झाकून अब्बा हळू आवाजात बातम्या ऐकत. एक दिवस एका ओळखीच्याच माणसाने विचारलं, "भाई, रात्री कुठलं स्टेशन लावता?" प्रश्न साधा होता, पण विचारण्याची तऱ्हा साधी नव्हती. अब्बा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रेडिओ दुकानाच्या फळीवर, रस्त्याकडे तोंड करून ठेवला आणि आवाज मोठा केला. आधी दिल्ली, मग लंडन, सगळं उघड्यावर. चार दिवसांत फळीसमोर वीस माणसं बसू लागली आणि विचारणारा त्यांत होताच. अब्बा म्हणत, "दिल्ली आपली आहे, पण लंडनही ऐकावं. दोघांत जे सारखं निघेल ते पक्कं." माझं शिक्षण पुढे बीएपर्यंत झालं. पण बातमी कशी ऐकावी, याबद्दल याहून चांगलं मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही.

आणीबाणीत, १९७५ ते ७७, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता तेव्हा ही सवय उपयोगी पडली. आणि ३१ ऑक्टोबर १९८४ तर मला स्वतःला लख्ख आठवतो. इंदिराजींवर गोळ्या झाडल्याचं कळलं होतं, पण आकाशवाणीवर गंभीर संगीत चालू होतं. शाळेतल्या इंग्रजीच्या गुरुजींनी आमच्या दुकानात येऊन लंडनचं इंग्रजी केंद्र लावलं आणि दुपारीच त्यांचा चेहरा उतरला. आकाशवाणीने निधनाची बातमी दिली ती संध्याकाळी सहाला. मधल्या त्या तासांत गुरुजी आणि अब्बा गावातल्या चार जाणत्या माणसांना बोलावून बसले. आपल्याकडे काही वेडंवाकडं होऊ नये, एवढंच बोलणं. झालं नाही.

कवी म्हणून माझ्यावर रेडिओचं कर्ज दुहेरी आहे. मराठी मी गावात शिकलो, पण तिचे उच्चार पुणे केंद्राने घासूनपुसून दिले. घरात आमची दखनी. नस्तालीक उर्दू मी ऐकली ती लघुलहरींवर, आकाशवाणीच्या उर्दू सर्व्हिसवर आणि बीबीसीच्या 'सैरबीन'मध्ये. आषाढ-श्रावणात ढग असले की रमजानचा किंवा ईदचा चाँद नरसिंहपुरातून दिसायचा नाही. तेव्हा दिल्लीहून काय जाहीर होतं याकडे सगळ्यांचे कान असत. लहरी खाली-वर होत असायच्या आणि 'चाँद' हा शब्द ऐकू यायचा, पण 'दिसला' की 'नाही दिसला' हे नेमकं खरखरीत बुडायचं. मग दहा मिनिटं वाद आणि शेवटी कुणीतरी सायकल काढून इंदापूरच्या रस्त्याला.

बारामतीला कॉलेजात असताना मला आणखी एक नाद लागला. दूरदूरची केंद्रं ऐकायची आणि त्यांना पत्र पाठवायचं, की तुमचं केंद्र अमुक तारखेला, अमुक वेळी, अमुक मीटरवर इतकं इतकं स्पष्ट ऐकू आलं. त्याला पाच आकड्यांची एक सांकेतिक पद्धत असते. आवाजाची ताकद, दुसऱ्या केंद्राची ढवळाढवळ, वातावरणातली खरखर, आवाजाचं खाली-वर होणं आणि एकूण दर्जा, प्रत्येकाला पाचपैकी गुण. पाच वेळा पाच म्हणजे उत्तम. केंद्राने पडताळून पाहिलं की एक रंगीत कार्ड येतं, त्याला क्यूएसएल कार्ड म्हणतात. मॉस्को, बीजिंग, कोलोन इथून माझ्या नावाची पाकिटं गावच्या पोस्टात येऊ लागली. या पाकिटांचं एका साहेबाला फार कुतूहल वाटलं. दोनदा बोलावून चौकशी झाली. मी त्यांच्यापुढे कार्डं मांडली. तिसऱ्यांदा त्यांनीच एक तिकीट मागून घेतलं, मुलाच्या संग्रहासाठी. (त्या पाच आकड्यांत मी अजूनही कवितांना गुण देतो. बहुतेक कवितांत दुसऱ्याची ढवळाढवळ फार असते.)

मग हे सगळं ओसरलं कसं? एका दिवसात नाही. आधी दूरदर्शन आलं, मग केबल, मग एफएम, मग मोबाइल. २०१६ च्या सप्टेंबरनंतर डेटा इतका स्वस्त झाला की आमच्या घाटावर बसलेला गुराखीही जगातलं काहीही पाहू लागला. तिकडे प्रक्षेपणाच्या खर्चाला कंटाळलेली केंद्रं एकेक करून गप्प झाली. व्हॉइस ऑफ अमेरिकाची हिंदी सेवा २००८ मध्ये थांबली. नेदरलँड्स आणि कॅनडा यांनी २०१२ मध्ये लघुलहरी सोडल्या, ऑस्ट्रेलियाने २०१७ मध्ये. बीबीसीने २०११ मध्ये हिंदी रेडिओ बंद करण्याचं जाहीर केलं तेव्हा विक्रम सेठ, अरुंधती रॉय, मार्क टली अशांनी पत्र लिहून विरोध केला आणि संध्याकाळचा एक तास वाचला. शेवटी ३१ जानेवारी २०२० ला तोही संपला. ११ मे १९४० ला सुरू झालेली ती सेवा, ऐंशी वर्षं भरायला तीन-साडेतीन महिने कमी पडले. आपल्याकडचे लघुलहरी प्रक्षेपकही हळूहळू कमी होत गेले. आकाशवाणीने डिजिटल रेडिओचा, म्हणजे डीआरएमचा, मोठा खर्च करून प्रयोग केला. पण तो ऐकायचा संच सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत बाजारात आलाच नाही. गाडी आधी आणि रस्ता नंतर, असं ते झालं.

एक शत्रू मात्र असा आहे ज्याच्याविषयी कुणी बोलत नाही. तो म्हणजे गोंगाट. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, विहिरीवरच्या मोटारींचे नवे स्टार्टर, ही सगळी यंत्रं लघुलहरींच्या पट्ट्यात सतत बारीक खरखर सोडत असतात. केंद्र बोलत असतं, लहर येऊन दारात उभी असते, पण घरातल्या बल्बच्या कुरकुरीत ती ऐकू येत नाही. जुन्नर तालुक्यात खोडदला तीस प्रचंड तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांनी ती तिथे उभारली, याचं एक मोठं कारण म्हणजे तिथली रेडिओच्या दृष्टीची शांतता. ती मीटर लहरींवर दूरच्या आकाशगंगा ऐकते. ती शांतता जपायला शास्त्रज्ञांना धडपडावं लागतं. खेड्यातल्या रेडिओसाठी कोण धडपडणार?

आणि तरीही. ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरमध्ये इंटरनेट आणि टेलिफोन बंद झाले तेव्हा बीबीसीने काय केलं? हिंदीचा लघुलहरींवरचा वेळ अर्ध्या तासाने वाढवला आणि उर्दूचा पंधरा मिनिटांचा खास कार्यक्रम सुरू केला. पाचच महिन्यांनी तीच हिंदी सेवा खर्चाच्या नावाखाली बंद झाली, ही त्याची दुसरी बाजू. मार्च २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला होऊन मनोरे पडू लागले तेव्हा बीबीसीने युक्रेन आणि रशियाच्या काही भागांसाठी दिवसाचे चार तास लघुलहरींवर इंग्रजी बातम्या सुरू केल्या. जानेवारी २०२३ मध्ये बीबीसीचा अरबी रेडिओ बंद झाला. एप्रिलमध्ये सुदान पेटलं आणि मे महिन्यात सुदानसाठी लघुलहरींवर तातडीचा अरबी कार्यक्रम सुरू करावा लागला. उलट मार्च २०२५ मध्ये व्हॉइस ऑफ अमेरिकाचे बहुतेक कर्मचारी सरकारी आदेशाने घरी बसवले गेले आणि १९४२ पासून चालत आलेला तो आवाज पहिल्यांदाच असा थांबला. चीन मात्र आपले प्रक्षेपक टिकवून आहे. रात्री कुठल्याही पट्ट्यावर काटा फिरवा, चिनी केंद्र सापडल्याशिवाय राहत नाही. जो बोलत राहतो त्याचंच शेवटी ऐकू येतं.

लघुलहर टिकेल का, या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे. बुधवारी रात्री आठला सगळं गाव एका फळीसमोर बसेल, ते आता नाही. ते गेलं, आणि त्याबद्दल मी गळा काढणार नाही. पॉडकास्टवर मी आज जे ऐकतो ते खरखरीशिवाय ऐकू येतं आणि मला ते आवडतं. बारामतीत विद्या प्रतिष्ठानने वसुंधरा वाहिनीसारखा सामुदायिक रेडिओ सुरू केला, असे स्थानिक आवाज तर हवेतच. पण त्यांची झेप दहा-पंधरा किलोमीटरची. नरसिंहपूरपर्यंतसुद्धा ती पोचत नाही, मग समुद्रापलीकडचं काय? मोबाइल सगळीकडे पोचतो, पण तो पोचतो मनोऱ्यावरून, आणि मनोरा बंद करायला एक आदेश पुरतो. शिवाय मोबाइल मला ऐकवतो तेव्हा मलाही ऐकत असतो. मी काय लावलं, किती वेळ लावलं, कुठे बंद केलं, सगळ्याची नोंद. अब्बांच्या ट्रान्झिस्टरकडे अशी नोंदवही नव्हती. "भाई, रात्री कुठलं स्टेशन लावता?" हे विचारायला माणसाला दारात यावं लागत होतं. आता कुणी येतच नाही. विचारावंच लागत नाही.

त्यामुळे टिकायला हवी ती श्रोत्यांची गर्दी नव्हे. टिकायला हवेत थोडे प्रक्षेपक, आणि ते कसे चालवायचे हे जाणणारी माणसं. श्रोता गरज पडली की आठ दिवसांत तयार होतो, सुदानमध्ये झालाच. पण प्रक्षेपक मोडीत काढून त्याची जमीन विकली की पुन्हा मनोरा उभा करायला वर्षं लागतात. अलीकडेच सूर्यावरच्या डागांचा जोर चांगला वाढला होता. म्हणजे लघुलहरींना लांब झेपावायला हवा तसा काळ आला होता आणि त्याच काळात केंद्रं बंद होत होती. आकाशाने आपली बाजू सोडलेली नाही.

ज्यांना अजून ऐकून पाहायचंय त्यांच्यासाठी सांगतो. दहा मीटर साधी तांब्याची तार उंचावर बांधा, घरातले एलईडी दिवे आणि चार्जर बंद करा, आणि अंधार पडल्यावर एकतीस मीटरपासून सुरुवात करा. नवा संच विकत घेताना दुकानदार 'सगळे बँड आहेत' असं म्हणेल, त्याच्यावर विसंबू नका, एसडब्ल्यू लिहिलेलं स्वतः पाहा. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी मर्फी, बुश, फिलिप्सचे जुने संच अजून दिसतात. पण घेण्याआधी मागचं झाकण उघडायला लावा. हल्ली त्यातले पुष्कळसे आतून रिकामे केलेले असतात आणि लाकडी खोक्यात ब्लूटूथचा स्पीकर बसवलेला असतो. काचेवर कोलंबो, लंडन, मॉस्को ही नावं तशीच असतात. काटाही फिरतो. लागत मात्र काहीच नाही.